शीतगृहाची किल्ली कोणाच्या हाती?

जुलै संपत आला की सिमला जिल्ह्यातील ठियोग, कोटखाई, कोटगढ, रोहडू या भागांतील डोंगरउतारांवर सफरचंदांची तोडणी जोर धरू लागते आणि तिच्यापाठोपाठ भावाचा तोच जुना तंटाही सुरू होतो. ऑगस्ट-सप्टेंबरात माल एकदम बाजारात लोटतो, भाव घसरतो, बागायतदार रस्त्यावर येतात, सरकार समिती नेमते, आणि दिवाळीपर्यंत सर्वांनाच त्या प्रश्नाचा विसर पडतो. पुढे मार्च-एप्रिलमध्ये दिल्लीच्या आझादपूर बाजारात किंवा नवी मुंबईत वाशीला तेच फळ, तितकेच लाल आणि तितकेच कडक, हंगामातील भावाहून कितीतरी चढ्या दराने विकले जात असते. ते ज्याने पिकवले त्याचा त्याच्याशी तोवर काहीही संबंध उरलेला नसतो. मधल्या सात-आठ महिन्यांत फळात नवे काही घडलेले नाही. किंबहुना काही घडू नये एवढीच व्यवस्था केलेली आहे. मूल्य मात्र वाढले आहे. या वाढीव मूल्याचा धनी कोण, हा प्रश्न अर्थशास्त्राचा आहे, न्यायाचा आहे, आणि सहसा लक्षात घेतले जात नाही असे म्हणजे तो फळाच्या गुणवत्तेचाही आहे.

झाडावरून उतरवलेले सफरचंद निर्जीव नसते. ते श्वास घेत असते. प्राणवायू आत घेऊन, साठवलेली साखर आणि आम्ले जाळून ते कार्बन डाय-ऑक्साइड, वाफ आणि उष्णता बाहेर टाकत राहते. मिळकत बंद झाली आणि खर्च मात्र चालू आहे अशा कुटुंबासारखी त्याची स्थिती असते. शिल्लक किती दिवस पुरेल हे केवळ खर्चाच्या वेगावर अवलंबून. तापमान दहा अंशांनी चढले की हा वेग साधारणपणे दुप्पट ते तिप्पट होतो. त्यात सफरचंद हे केळी आणि आंब्याच्या गोत्रातले फळ आहे. तोडल्यावरही ते पिकत राहते, पिकताना एथिलीन नावाचा वायू स्वतःच निर्माण करते, आणि त्या वायूच्या सहवासात स्वतः व शेजारची फळे अधिकच वेगाने पिकवते. आंब्याची आढी लावणाऱ्या कोकणातील माणसाला हे तत्त्व रसायनशास्त्र न शिकताही ठाऊक आहे. आढीत जे घडावे अशी इच्छा असते, तेच सफरचंदाच्या कोठीत घडू द्यावयाचे नसते, एवढाच फरक.

साठवणीने गुणवत्ता निर्माण होत नाही, ती फक्त राखली जाते. ही गोष्ट साधी असली तरी धोरणे आखणाऱ्यांच्या ध्यानात ती राहत नाही. फळ ज्या गुणांसह कोठीत शिरले त्याहून चांगले होऊन ते बाहेर येणे शक्य नाही. म्हणून साठवणीचा आरंभ कोठीच्या दाराशी होत नसून झाडावर होतो. नत्रखताचा मारा केलेल्या झाडाची फळे आकाराने मोठी आणि दिसायला भरदार असतात, परंतु त्यांच्या गरात चुन्याचा, म्हणजे कॅल्शियमचा अंश कमी पडतो. महिना-दोन महिन्यांत सालीखाली तपकिरी, कडवट ठिपके उमटू लागतात. याला 'बिटर पिट' म्हणतात. ज्या वर्षी झाडावर फळे विरळ धरतात त्या वर्षी हा विकार अधिक. उपाय म्हणजे फळ वाढत असताना कॅल्शियमच्या फवारण्या करणे आणि नत्राला आवर घालणे. उशिरा आणि अधिक उंचीवर पिकणारे फळ साधारणतः अधिक टिकते. किन्नौरच्या सफरचंदाचा लौकिक यावरच उभा आहे. उलट 'टायडमन'सारखे लवकर येणारे वाण कितीही काळजी घेतली तरी दीर्घकाळ राहत नाही.

त्याहूनही निर्णायक असतो तो तोडणीचा दिवस. फळ फार कोवळे उतरवले तर ते सुरकुतते, त्याला चव येत नाही आणि साठवणीत त्याची साल करपल्यासारखी काळवंडते. उशीर केला तर ते कोठीत जाण्यापूर्वीच उताराला लागलेले असते. योग्य दिवस ओळखण्याच्या रीती अवघड नाहीत. फळ आडवे कापून आयोडीनच्या द्रावणात बुडवले की जेथे पिष्ट शिल्लक असते तेथे गर निळा-काळा होतो. पिष्टाची साखर होऊ लागते ती गाभ्यापासून, त्यामुळे फळ जसजसे पक्व होते तसतसा हा काळा रंग मधून बाहेरच्या बाजूस ओसरत जातो. दीर्घकाळ ठेवावयाच्या फळात काळा भाग बराच उरलेला असावा लागतो. आठवड्यात खपणाऱ्या फळात तो जवळजवळ नसला तरी चालतो. गराचा कडकपणा मोजण्याचे हातात मावणारे साधन आहे, साखर मोजण्याचे आहे, फुलोरा पूर्ण उमलल्यापासूनचे दिवस मोजणे तर कोणालाही शक्य आहे. हिमाचलातील जाणत्या बागायतदारांना हे ठाऊक नाही असे मानणे हा शहरी अहंकार ठरेल.

मग हे ज्ञान बागेत का उतरत नाही? कारण ते उतरवण्यात बागायतदाराचा काही लाभ नाही. बाजारात जो आधी पोहोचला त्याला चांगला भाव, मागून येणाऱ्याला पडेल तो भाव, अशी रीत असताना प्रत्येकाला घाई होणे स्वाभाविक आहे. त्या घाईपोटी खालच्या पट्ट्यांतील काही बागांत एथ्रेलची फवारणी होते. हे द्रव्य झाडावर एथिलीन सोडते, त्यामुळे फळाला काही दिवस आधीच तांबडा रंग चढतो. रंग चढतो, पण त्याबरोबर पिकण्याची क्रियाही सुरू होते. फळ वरून तयार आणि आतून सैल होते. फवारणाऱ्याला याचे सोयरसुतक असण्याचे कारण नाही, कारण ते फळ चौथ्या दिवशी त्याच्या हातून गेलेले असते. सहाव्या महिन्यातील फळाचे काय होते याच्याशी ज्याचा आर्थिक संबंधच ठेवलेला नाही, त्याने सहाव्या महिन्याची चिंता वाहावी ही अपेक्षा प्रवचनात शोभेल, व्यवहारात नाही.

पेटीची कथा अशीच आहे. कागदी खोक्यात नाममात्र वीस किलो माल मावावयाचा. परंतु बोली पेटीवर लागत असल्याने एका खोक्यात दुसऱ्याचा कडा चढवून त्यात अठ्ठावीस, तीस आणि त्याहूनही अधिक किलो कोंबण्याचा प्रघात हिमाचलात पडला. भाव वीस किलोंच्या अंगाने ठरावयाचा आणि माल दीडपट द्यावयाचा. या लुटीबद्दल पुष्कळ लिहिले गेले. तथापि कोंबलेल्या पेटीतील खालच्या थराचे काय होते हे फारसे कोणी सांगितले नाही. दाबाने गराला मार बसतो, मार बसलेल्या जागी श्वसन वाढते, एथिलीन वाढते, बुरशीला वाट मिळते. म्हणजे शोषणाची पद्धत हीच नासाडीची पद्धतही होती. राज्य सरकारने २०२३ साली पेटीमागे चोवीस किलोंची मर्यादा घालून किलोवर विक्रीचा आदेश काढला आणि २०२४ च्या हंगामापासून एकसंध 'युनिव्हर्सल कार्टन' सक्तीचा केला. बागायतदार संघटना ही मागणी वर्षानुवर्षे करीत होत्या.

हे सफरचंद ज्या माणसामुळे सिमल्याच्या डोंगरांत स्थिरावले त्याची आठवण येथे अप्रस्तुत होणार नाही. सॅम्युएल स्टोक्स हा अमेरिकन तरुण १९०४ साली कुष्ठरोग्यांच्या सेवेसाठी भारतात आला, कोटगढला स्थायिक झाला, बेगारीच्या प्रथेविरुद्ध लढला, असहकाराच्या चळवळीत १९२१ साली तुरुंगात गेला आणि पुढे हिंदू धर्म स्वीकारून सत्यानंद झाला. १९१६ च्या सुमारास त्याने अमेरिकेतून 'रेड डेलिशस'ची कलमे आणून लावली. त्याचा हेतू दरिद्री पहाडी शेतकऱ्याला रोख पीक मिळावे हा होता आणि तो मोठ्या प्रमाणावर सफल झाला. कोटगढ परिसराची आजची सुबत्ता त्या कलमांतून आली आहे. (या वाणाची निवड पुढे जगभर रंगाच्या मोहाने होत गेली आणि चव मागे पडली, हा त्याचा दोष नव्हे.) बेगार बंद करणाऱ्या माणसाच्याच गावाजवळ जुलै १९९० मध्ये सफरचंदाला हमीभाव वाढवून मागणाऱ्या बागायतदारांवर पोलिसांनी गोळीबार केला. तिघे ठार झाले. सफरचंद हे श्रीमंतांचे पीक आहे, त्याच्या भावाचा प्रश्न म्हणजे सुखवस्तूंची कुरकुर, असे मैदानी प्रदेशांतील पुष्कळ पुरोगाम्यांना वाटत आले आहे. त्यांनी हे साल लक्षात ठेवावे. हिमाचलातील बहुसंख्य बागा लहान आहेत. अनेक कुटुंबांची मालकी काही बिघ्यांपलीकडे जात नाही.

आता कोठीकडे वळावे. फळ शून्य अंशाच्या आसपास आणि नव्वद टक्क्यांहून अधिक आर्द्रतेत ठेवले तर ते चार-पाच महिने बरे राहते. हे साधे शीतगृह. त्याहून पुढची पायरी म्हणजे नियंत्रित वातावरणाची कोठी. हवेत एकवीस टक्के असलेला प्राणवायू तेथे एक ते तीन टक्क्यांवर आणतात आणि कार्बन डाय-ऑक्साइड तितक्याच मर्यादेत राखतात. फळ गुदमरत नाही, परंतु त्याचा श्वास अगदी मंद होतो. आठ-दहा महिन्यांनी बाहेर काढल्यावरही ते दाताखाली मोडते. प्राणवायूवाचून फळ पिकत नाही हे फ्रान्समध्ये माँपेलिए येथील बेरार या शास्त्रज्ञाने १८२१ सालीच दाखवून दिले होते. त्याचा उपयोग होण्यास शंभर वर्षे जावी लागली. पहिल्या महायुद्धात अन्नटंचाईने हैराण झालेल्या ब्रिटिश सरकारने १९१७ साली अन्नसंशोधनासाठी मंडळ स्थापन केले; त्याच्या आश्रयाने केंब्रिज येथे फ्रँकलिन किड आणि सिरिल वेस्ट या दोघांनी सफरचंदाच्या श्वसनाचा चिकाटीने अभ्यास केला, आणि १९२९ साली केंट परगण्यात या पद्धतीची पहिली व्यापारी कोठी उभी राहिली. हे ज्ञान सरकारी तिजोरीतून, सार्वजनिक प्रयोगशाळेत आणि टंचाईवर मात करण्यासाठी जन्मले. कोणा उद्योगपतीच्या साहसातून ते निघालेले नाही. एथिलीनचा परिणाम अडवणारे '१-एमसीपी' हे आधुनिक द्रव्य सुद्धा अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्य विद्यापीठात सापडले. एकस्वाच्या वाटेने ते कंपनीच्या हाती गेले ते नंतर.

या कोठीचे एक वैशिष्ट्य असे आहे की ज्यामुळे तिच्या मालकीचा प्रश्न अटळ होतो. ती तुकड्यातुकड्याने वापरता येत नाही. दालन थोड्या दिवसांत भरावे लागते, मोहरबंद करावे लागते, आणि एकदा उघडले की त्यातील सर्व माल लवकर विकून मोकळे व्हावे लागते. एका दालनात शेकडो टन फळ मावते. दोन-पाचशे पेट्यांचा धनी असलेला बागायतदार एकट्याने ते भरू शकत नाही, उघडण्याचा दिवस ठरवू शकत नाही, की यंत्रसामग्रीचे कर्ज काढू शकत नाही. आपल्याकडे नाशिक-नगरचा शेतकरी उन्हाळी कांदा स्वतःच्या चाळीत ठेवतो. त्यात घट होते, सड होते, निर्यातबंदीचा फटका बसतो, तरी केव्हा विकावयाचे हे काही अंशी तरी त्याचे तोच ठरवतो. सफरचंदाच्या बाबतीत तंत्रच असे आहे की येथे एकट्याची चाळ संभवत नाही. अनेकांचे फळ एकत्र आणणारी कोणती तरी संस्था लागणारच. ती कंपनी असेल, सरकार असेल, किंवा स्वतः उत्पादकांची असेल. चौथा पर्याय नाही.

हिमाचलात २००६ सालापासून या पोकळीत कंपन्या उतरल्या. अदानी समूहाने सिमला जिल्ह्यात रेवाली, सैंज आणि बिथल येथे मोठ्या कोठ्या उभारल्या. त्यांच्यामुळे झालेले लाभ नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. तेथे खरेदी किलोवर होते, खोक्याचा खर्च वाचतो, आडत कापली जात नाही, पैसे बँकेत जमा होतात. आझादपूरच्या अडत्याकडून जन्मभर कच्च्या चिठ्ठ्या घेतलेल्या माणसाला ही सुधारणा लहान वाटत नाही. परंतु भाव कंपनी जाहीर करते. उत्तम प्रतीचा जो उघडणारा दर २०२० साली किलोला ८८ रुपये होता तो २०२१ साली ७२ रुपये झाला. त्या वर्षी खुला बाजारही मंदावला होता, ही सबब खोटी नव्हे. तरी मोठ्या खरेदीदाराने दर जाहीर केला की अवघा बाजार त्याकडे पाहून आपला दर ठरवतो, ही बागायतदारांची तक्रारही खोटी नाही. शिवाय कंपनी वेचून घेते. रंग अमुक टक्के, आकार अमुक मिलिमीटर, गारांचा डाग नको. उरलेला माल ज्याचा त्याला परत. त्या परत आलेल्या ढिगाचे काय करावयाचे हा प्रश्न कंपनीच्या ताळेबंदात येत नाही, आणि पुढे एप्रिलमध्ये मिळालेला भाव बागायतदाराच्या हिशेबात येत नाही.

सरकारी प्रयत्नांचा इतिहास याहून उत्साहवर्धक असता तर बरे झाले असते. हिमाचलचे फलोत्पादन विपणन व प्रक्रिया महामंडळ १९७४ साली स्थापन झाले. कल्पना दूरदृष्टीची होती: शीतगृहे, वर्गवारीची केंद्रे, परवाणूचा रसाचा कारखाना. गुम्मा, जरोल-टिक्कर, रोहडू येथे कोठ्याही झाल्या. परंतु महामंडळ मुख्यत्वे ओळखले जाते ते बाजार हस्तक्षेप योजनेखाली टाकाऊ प्रतीचा माल उचलण्यासाठी, आणि त्याचे पैसे वर्षानुवर्षे थकवण्यासाठी. त्या मालाचा दर २०२३ साली किलोला १२ रुपये झाला. ऑगस्ट २०२२ मध्ये बागायतदारांनी सिमल्यात सचिवालयावर मोर्चा नेला तेव्हा त्यांची मागणी काश्मीरच्या धर्तीवर तिन्ही प्रतींना, अनुक्रमे ६०, ४४ आणि २४ रुपयांनी, खरेदीची होती. केंद्राने उत्तर दिले ते २०२३-२४ च्या अर्थसंकल्पातून. बाजार हस्तक्षेप योजनेसाठी त्यात नाममात्र एक लाख रुपयांची तरतूद होती. एक लाख कोटी नव्हे, एक लाख. एका ट्रकभर उत्तम सफरचंदांचीही किंमत त्याहून अधिक भरते.

काश्मीरची अडचण आणखी निराळी. देशातील सुमारे तीन-चतुर्थांश सफरचंद तेथे पिकते, वर्षाला वीस लाख टनांच्या आसपास. पुलवाम्यातील लासीपोरा येथे नियंत्रित वातावरणाच्या कोठ्या गेल्या दशकात झपाट्याने उभ्या राहिल्या, तरी खोऱ्यातील एकूण क्षमता उत्पादनाच्या सहाव्या-सातव्या हिश्श्यापलीकडे फारशी जात नाही. बाकीचे फळ एका रस्त्याने खाली उतरते. तो रस्ता २०२२ च्या सप्टेंबरात अडला तेव्हा हजारो ट्रक दिवसचे दिवस उभे राहिले. २०२५ च्या ऑगस्टअखेरीस उधमपूरजवळ दरडींनी तो पुन्हा तुटला, ऐन हंगामात ट्रकांतील फळ ट्रकांतच कुजले, सोपोरच्या बाजाराने निषेध म्हणून कामकाज बंद ठेवले, आणि अखेर सप्टेंबरात बडगामहून दिल्लीस मालवाहू डबे रेल्वेने सुरू केले. ट्रकमध्ये दहा दिवस उन्हात राहिलेल्या फळाला नंतर कोणत्याही कोठीत ठेवून उपयोग नसतो. त्याचे आयुष्य रस्त्यातच खर्ची पडलेले असते. बागेपासून तासाभराच्या अंतरावर कोठी असणे ही चैन नसून फळाच्या शरीरधर्माची गरज आहे, हे ज्यांना पटत नव्हते त्यांना त्या पंधरवड्याने पटवावयास हरकत नव्हती.

तिसरा पर्याय म्हणजे उत्पादकांची स्वतःची संस्था. तो स्वप्नाळू आहे असे म्हणणाऱ्यांनी उत्तर इटलीतील डोंगराळ दक्षिण टिरोल प्रांताकडे पाहावे. तेथील बागा सरासरीने तीनएक हेक्टरांच्या, म्हणजे लहानच. परंतु प्रांतातील बहुतांश सफरचंद सहकारी संस्थांमार्फत साठवले, वर्गवारी केले आणि विकले जाते, आणि युरोपीय संघातील एकूण उत्पादनाचा दहावा हिस्सा त्या एका प्रांतातून येतो. शेजारच्या ट्रेंटिनोत 'मेलिंडा' या नावाने एकत्र आलेल्या सुमारे चार हजार कुटुंबांनी २०१४ पासून डोलोमाइटच्या खाणीत, डोंगराच्या पोटात, कोठ्या केल्या आहेत. खडकाच्या थंडाव्याने विजेचा खर्च वाचतो. यातील तंत्रापेक्षा हिशेबाची पद्धत अधिक बोधप्रद आहे. सभासद फळ आणून देतो तेव्हा त्याला अंतिम किंमत मिळत नाही, उचल मिळते. त्याचा माल प्रतवार मोजला जातो, त्या प्रतीची सर्वांची फळे एकत्र साठवली जातात, वर्षभर विकली जातात, आणि हंगामअखेर त्या प्रतीला जो सरासरी भाव पडला तो, खर्च वजा जाता, सर्वांना सारखा मिळतो. या व्यवस्थेत ऑगस्टमध्ये घाई करण्याचे कारणच उरत नाही. उलट ज्याचे फळ मे महिन्यात कडक निघते त्याची प्रत वर राहते, म्हणून कॅल्शियमची फवारणी, तोडणीचा नेमका दिवस, देठ न मोडता फळ उतरवणे या सर्वांना रोकडे मोल येते. कृषिविद्यापीठाच्या शंभर व्याख्यानांनी जे साधत नाही ते हिशेबाच्या एका वहीने साधते.

महाराष्ट्रातील वाचक येथे हसेल, आणि त्याचे हसणे समजण्यासारखे आहे. प्रवरेच्या काठी धनंजयराव गाडगीळ आणि विठ्ठलराव विखे पाटील यांनी सहकाराचा जो दिवा लावला त्याचे पुढे काय झाले हे त्याने पाहिले आहे. सहकारी कारखान्यांची संस्थाने झाली, अध्यक्षपदे वारसाहक्काने गेली, आजारी पाडलेले कारखाने मातीमोल भावाने ज्यांनी आजारी पाडले त्यांच्याच आप्तांनी घेतल्याच्या तक्रारी न्यायालयांपर्यंत गेल्या. परंतु यावरून सहकार टाकून द्यावा असे अनुमान काढणे म्हणजे निवडणुकांत पैसा चालतो म्हणून मतदान बंद करावे असे म्हणण्यासारखे आहे. हिमाचलातच उदाहरण आहे. वर्षातील अनेक महिने बर्फाने जगापासून तुटणाऱ्या लाहौलच्या शेतकऱ्यांनी १९६६ साली बटाट्याची सहकारी संस्था काढली आणि तिच्यामार्फत त्यांचे बियाण्याचे बटाटे दूरदूरच्या राज्यांत पोहोचले. बटाटा जे करू शकला ते सफरचंदाला अशक्य असण्याचे कारण नाही. फरक आहे तो भांडवलाचा, आणि भांडवल कोठून येते हे पाहिले तर मुद्दा अधिकच स्पष्ट होतो.

कारण आजच्या खासगी कोठ्याही खासगी पैशाने उभ्या राहिलेल्या नाहीत, निदान पूर्णपणे नाहीत. फलोत्पादन अभियानाखाली शीतगृहांना प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के आणि डोंगराळ राज्यांत निम्म्यापर्यंत अनुदान देण्याची तरतूद आहे. त्यावर २०२० साली सुरू झालेल्या कृषी पायाभूत निधीतून दोन कोटींपर्यंतच्या कर्जाला व्याजात तीन टक्के सवलत. म्हणजे जनतेच्या पैशाने कोठी बांधावयाची आणि तिच्यात जनतेचेच फळ कोठीवाल्याच्या दराने विकत घेऊन ठेवावयाचे. अनुदान द्यावे, परंतु त्याबरोबर अट घालावी की क्षमतेचा किमान तिसरा हिस्सा स्वतःचे फळ स्वतःच्या नावाने ठेवू इच्छिणाऱ्या बागायतदारांच्या गटांसाठी, जाहीर आणि नियंत्रित भाड्याने, राखून ठेवला जाईल. नव्या कोठ्यांसाठी उत्पादकांच्या संस्थांना अग्रहक्क द्यावा. महामंडळाच्या कोठ्या कंपन्यांना भाडेपट्ट्याने देण्याचा मोह टाळून त्या अशा संस्थांकडे सोपवाव्यात, आणि त्यांच्या हिशेबांची तपासणी सहकार खात्याकडे न ठेवता स्वतंत्र यंत्रणेकडे द्यावी. महाराष्ट्राच्या अनुभवावरून एवढा धडा तरी घ्यावयास हवा.

या सर्व चर्चेत एक माणूस अनुल्लेखित राहतो. पाठीवर किल्टा बांधून उतारावरून फळ रस्त्यापर्यंत आणणारा मजूर बहुधा नेपाळचा असतो, आणि हंगाम संपला की तो कोणाच्याही खातेवहीत नसतो. फळाला मार बसणे न बसणे त्याच्या हातावर अवलंबून आहे. त्याची मजुरी मात्र पेट्यांच्या संख्येवर, म्हणजे घाईवर ठरते. कोठीत काम करणाऱ्याची गोष्ट तर जिवाशी आहे. दोन टक्के प्राणवायूच्या दालनात साधनाशिवाय शिरलेला माणूस काही क्षणांत बेशुद्ध पडतो. सहकारी संस्था झाली म्हणून या दोघांची स्थिती आपोआप सुधारेल असा भ्रम बाळगण्याचे कारण नाही; साखर कारखान्यांनी ऊसतोड कामगारांचे काय केले हे सर्वश्रुत आहे. म्हणून अनुदानाच्या अटींत मजुरीची आणि सुरक्षेची अटही तितक्याच ठळकपणे यावयास हवी.

आणि शेवटी प्रश्न उचलीचा. ठियोगच्या लहान बागायतदाराला पैसा लागतो तो सप्टेंबरात. खताचे, औषधाचे, खोक्यांचे देणे त्याच महिन्यात फिटावे लागते, मुलांची शिक्षणे असतात, पुढे लांबलचक हिवाळा असतो. गोदाम विकास व नियमन कायदा २००७ साली झाला आणि त्याखाली गोदामाच्या पावतीवर बँकेने कर्ज द्यावे अशी सोय झाली. धान्याला आणि कडधान्याला तिचा थोडाफार लाभ मिळतो. कोठीत मोहरबंद असलेल्या सफरचंदावर, प्रत आणि वजन नोंदवलेल्या पावतीवर, किमतीच्या साठ-सत्तर टक्के उचल जिल्हा सहकारी बँकेने आठवड्याच्या आत द्यावी, आणि त्या कर्जाची हमी राज्य सरकारने घ्यावी. ही सोय झाली नाही तर राखीव दालनांचा उपयोग ज्यांना एप्रिलपर्यंत थांबणे परवडते अशा मोठ्या बागायतदारांनाच होईल, आणि लहान बागायतदाराच्या दारात वसंतात उधारी दिलेला अडत्या सप्टेंबरच्या पहिल्याच आठवड्यात ट्रक घेऊन उभा राहील.